वहीचं पान ज्याच्या त्याच्या घरी

पत्र :
ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून 24 मुलं. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. लांब असलेल्या पालकांना अभ्यास कळावा म्हणून मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वह्यांचे फोटो टाकते. मागच्या महिन्यात वजाबाकीची पानं टाकली. त्यात तिसरीतल्या एका मुलीच्या पानावर लाल फुल्या होत्या आणि कुणीतरी खाली हसण्याच्या इमोजी टाकल्या. तिच्या आईचा उसाच्या फडावरून फोन आला, "बाई, टोळीतल्या समद्यांनी बघितलं." दुसरीकडे एक वडील सारखे विचारतात, आमच्या पोराचा फोटो का नाही? मुख्याध्यापक म्हणतात, तालुक्याच्या इंग्रजी शाळेसारखं आपणही ॲप घेऊ. ॲप घेतल्यानं हे मिटेल का? कोणतं घ्यावं? की हे सगळं बंदच करू? आधीच ऑनलाइन माहिती भरण्यात अर्धा दिवस जातो.
— एक शिक्षिका

उत्तर :
बाई, नमस्कार.

बंद मुळीच करू नका. पाच-सहा महिने लेकरापासून लांब राहणाऱ्या आईला त्याच्या वहीचं पान बघायला मिळतं, हे तुमच्या हातून होणारं मोठं काम आहे. बदलायचंय ते एकच. मुलाचं काम ज्याच्या त्याच्या घरी जायला हवं आणि आत्ता ते चावडीवर जातंय. हे एकदा ठरवलंत की ॲप कोणतं, हा प्रश्न बराच सोपा होतो.

पण आधी त्या आईचं बघू. तिला फोन करा, मेसेज नको. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघालेल्या माणसाला दिवसभर फोन घेता येत नाही आणि रात्री गाडी भरायला लागली तर झोपेचीही शाश्वती नसते. म्हणून आजीला विचारून वेळ साधा. "तो फोटो मी सगळ्यांसमोर टाकायला नको होता, यापुढे तिचं काम फक्त तुम्हालाच पाठवीन," एवढं सरळ सांगा. फोटो काढून टाकते असं मात्र कबूल करू नका, कारण ते तुमच्या हातात उरलेलं नाही. व्हॉट्सॲपवर सर्वांच्या फोनमधून मेसेज काढायची मुदत दोन-अडीच दिवसांचीच असते. शिवाय ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात, त्यांच्या गॅलरीत तो केव्हाच जाऊन बसला असेल.

आणि बोलून झालं की तिला त्याच वजाबाकीचं पुढचं पाऊल पाठवा. कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे.

त्या पानावर काय असेल याचा मला अंदाज आहे. 52 वजा 27 आणि उत्तर 35. तिसरीच्या वर्गात ही चूक दरवर्षी भेटते. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन काढतं, पाच लिहितं, मग पाचातून दोन काढून तीन लिहितं. म्हणजे मुलीला वजाबाकी येते, दशक सुटा करायचा राहिलाय. तुम्हाला हे फुलीच्या आत दिसतं. फडावर बसलेल्या आईला फक्त फुली दिसते आणि शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) बाईलाही तेवढीच दिसते.

आता त्याच मुलीला काड्या द्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात काढायला सांगा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर ती एक गठ्ठा सोडेल, बारा सुट्या होतील, त्यातल्या सात बाजूला, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन काढले, दोन उरले. पंचवीस. हे करताना तिला तिच्याच बोलीत मोठ्यानं सांगू द्या, "ह्यो गठ्ठा सोडला, आता बारा झाल्या..." आणि तुम्ही तेवढा अर्ध्या मिनिटाचा आवाज फोनवर घ्या. सोबत एकच फोटो, जमिनीवर मांडलेल्या काड्या आणि तिचे हात. हे दोन्ही फक्त तिच्या आईच्या नंबरवर. दिवसभर उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या बाईला गठ्ठा सोडणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. तिला अक्षर वाचता येत नसलं तरी लेकीचा आवाज कळतो, लेक काय करतेय तेही कळतं आणि रात्रीच्या फोनवर "जेवलीस का" याच्या पुढे विचारायला काहीतरी मिळतं.

मला विचाराल तर पालकांना काम पाठवण्याचा उपयोग हाच. घरात त्या कामाबद्दल बोलणं व्हावं. 24 पानांचे 24 फोटो बघून कुठल्याच घरात बोलणं होत नाही, तुलना तेवढी होते.

म्हणून रोज सगळ्यांचं पाठवायचा हट्ट सोडा. रोज तीन मुलं घ्या. रविवार धरूनही दीड आठवड्याच्या आत प्रत्येकाची पाळी येते. काय पाठवायचं ते मुलाला निवडू द्या आणि "हेच का?" एवढं विचारा. त्याचं उत्तर रेकॉर्ड झालं की वेगळं काही लिहायची गरज नाही. कधी जुनं आणि नवं पान शेजारी ठेवून फोटो काढा, जूनमधलं लेखन आणि आत्ताचं. वाचनाचं तर फोटोत काहीच येत नाही, तिथे आवाजच हवा. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, वही सपाट ठेवून घ्या. पुसट फोटो लहान पडद्याच्या फोनवर आणखीच दिसेनासा होतो.

चूक पाठवायचीच नाही असं मी म्हणत नाही. चूक आणि त्यानंतरचा प्रयत्न एकत्र पाठवा. नुसती फुली कधीच नको. आणि "अभ्यास करत नाही, लक्ष द्या" हा मेसेज तर त्या वाटेनं अजिबात नको. दीडशे-दोनशे किलोमीटरवर असलेली आई त्याचं काय करणार? ती तिथून रागावते आणि इथे आजी मारते. तक्रारीचं बोलणं असेल तर फोनवर, वेळ काढून करा.

आता ग्रुपचं. तो मोडू नका, पण "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" अशी सेटिंग करून ठेवा. सुट्टी, लसीकरण, गणवेशाची मापं, पालकसभा एवढंच तिथे. असे बरेच ग्रुप 2020 मध्ये "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणत घाईघाईत बनले होते आणि त्यात कोण कोण आहे याकडे नंतर कुणी पाहिलं नाही. तुमचाही तेव्हाचाच असेल तर एकदा नावं तपासा. उचल (आगाऊ रक्कम) देऊन मजुरांना ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाचा नंबर, गावातल्या कुणा पुढाऱ्याचा नंबर, शाळा सोडून गेलेल्या मुलाचे काका, असे लोक निघतात. ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हेही ध्यानात असू द्या. काही बायांना त्याचा त्रास होतो आणि त्या सांगत नाहीत, नुसत्या ग्रुपमधून बाहेर पडतात.

कुणी सुचवेल, ब्रॉडकास्ट यादी करा. सूचनेसाठी ती चालते, पण ज्या पालकानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. मुलाच्या कामासाठी ती नकोच, तिथे एकेकालाच पाठवायचं. दुसरं सिम घेणं जमत असेल तर त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. मोफत आहे, चॅटला लेबल लावता येतं आणि शाळेच्या वेळेनंतर "उद्या उत्तर देईन" असं उत्तर आपोआप जातं. तुमचा घरचा नंबर पन्नास घरांत फिरणार नाही, हा फायदा वेगळाच.

नंबर कुणाचा आहे हेसुद्धा एकदा विचारून घ्या. शाळेच्या नोंदीत असतो तो बहुतेक वेळा वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. आईला पोचावं असं वाटत असेल तर "हे तिच्या आईला ऐकवा" असं तुमच्याच आवाजात आधी सांगा. आणि मुकादमाच्या फोनवर काही पाठवू नका, त्यानं कितीही आपुलकीनं म्हटलं तरी. ज्याच्याकडून उचल घेतलीय, त्याच्या हातातून लेकराची वही बघायची वेळ कुणावर येऊ नये.

मुख्याध्यापकांच्या ॲपकडे येते. आधी त्या इंग्रजी शाळेचं ॲप नेमकं काय करतं ते बघून या. पुष्कळदा ते फी, हजेरी आणि गृहपाठाच्या सूचना देणारं असतं, मुलाचं काम त्यात नसतंच.

मुलाचं काम घरी पोचवण्यासाठी मुद्दाम बनवलेलं म्हणाल तर सीसॉ हे अमेरिकी ॲप आहे. त्याची रचना मला पसंत आहे. प्रत्येक मुलाची वेगळी वही, पालकाला फक्त आपल्या मुलाचीच दिसते आणि मुलानं घातलेलं काही बाईंनी मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही. फोटो, चित्र, आवाज, सगळं ठेवता येतं. वर्गात एकच टॅब असला तरी मुलं क्यूआर कोड दाखवून पाळीपाळीनं आपलं काम घालू शकतात. (क्यूआर कोड झेडपीच्या पोरांना नवा नाही. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पुस्तकात आणला. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा गावोगावी त्याची चर्चा झाली.) पण सीसॉत पालकाला निमंत्रण स्वीकारून खातं उघडावं लागतं, फोनमध्ये जागा लागते, इंटरनेट लागतं आणि मोफत आवृत्तीला मर्यादा आहेत. फडावर रेंज येते-जाते, चार्जिंग कुठे ट्रॅक्टरवर तर कुठे रस्त्याकडेच्या टपरीवर. तिथे नवं ॲप उघडलं जाईल असं मला वाटत नाही. व्हॉट्सॲप आधीच उघडलेलं असतं.

क्लासडोजोही आहे. त्यातही मुलाच्या कामाचा कप्पा आहे, पालकांशी बोलता येतं. मात्र त्याची ओळख आहे ती गुण देण्या-काढण्यामुळे. हात वर केला, एक गुण. गडबड केली, एक गुण वजा. घेतलंत तरी तो भाग वापरू नका, आणि सगळ्या वर्गाचे गुण भिंतीवर तर मुळीच दाखवू नका. एका मुलीच्या फुल्यांवर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. गूगल क्लासरूम मोठ्या मुलांसाठी बरं, तेही जिथे प्रत्येकाकडे यंत्र आणि खातं आहे तिथे. त्यातून पालकांना जातो तो ईमेलवरचा गोषवारा, म्हणजे काय द्यायचं राहिलं, पुढे काय आहे. मुलाची वही त्यात दिसत नाही, आणि तुमच्या पालकांपैकी ईमेल किती जण उघडतात हे तुम्हीच सांगा.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं, की यंदा ॲप घेऊ नका. ज्याच्या त्याच्या नंबरवर, आवाजासह, पाळीपाळीनं पाठवणं एवढंच जूनपर्यंत नीट चालवा. जी मुलं गावातच राहणाऱ्या पालकांची आहेत, त्यांच्यापैकी तीन-चार घरांत पुढच्या वर्षी सीसॉ वापरून पाहता येईल. जमलं तर वाढवा.

व्हॉट्सॲप असो की आणखी काही, पालकांना आधी विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकाची संमती हवी, हा त्याचा पाया आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. शैक्षणिक कामासाठी शाळांना त्यात काही सवलती आहेत, पण त्यांचा आधार घेऊन न विचारता पुढे जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, विषय तिथे मांडा आणि ठराव घ्या. मग घरोघरचा होकार. साध्या मराठीत चार ओळी, काय पाठवणार, कुणाच्या नंबरवर, किती दिवस ठेवणार, आणि नको असेल तर नको म्हणायची मोकळीक. सही किंवा अंगठा. फडावरच्यांना आत्ता फोनवरून विचारा आणि पुढच्या वर्षी गावातून निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमाराला, घरी जाऊन. कुणी नाही म्हणालं तर कारण विचारू नका.

चेहऱ्याबद्दल मी कडक आहे. मुलाचा चेहरा, गणवेशावरचं शाळेचं नाव आणि मुलाचं नाव हे एका फोटोत येता कामा नये. तुमच्या स्टेटसवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर मुलं नकोतच. वर्गात कविता म्हणणाऱ्या पोरांच्या रील आज पुष्कळ फिरतात, शिक्षक त्या प्रेमानंच करतात, हे मला मान्य आहे. पण आठ वर्षांच्या मुलीचं नाचणं कोण कोण बघतं, कुठे साठवतं, हे त्या शिक्षकाला कधीच कळत नाही आणि ती मुलगी पुढे मोठी होऊन "काढा ते" म्हणाली तर काढताही येत नाही. कुणा वरिष्ठानं उपक्रमाचा फोटो मागितला तर पाठमोरी मुलं, हात, वह्या, रांगोळी असं पाठवा.

त्या वडिलांनाही हेच सांगा. त्यांचा प्रश्न चांगला आहे, त्यांना आपला मुलगा बघायचाय. "तुमची पाळी गुरुवारी आहे, त्याचं वाचन पाठवते," म्हणून वार सांगा आणि तो पाळा. मग त्यांच्याकडूनही काहीतरी मागा. एका ट्रॉलीत साधारण किती मोळ्या बसतात? तुम्ही मोजता कसं? त्यांनी आवाजात पाठवलेलं उत्तर वर्गात त्या मुलाला ऐकवा, त्यांची परवानगी असेल तर सगळ्या वर्गाला. चौथीच्या गुणाकाराला याहून चांगलं उदाहरण पुस्तकात नाही.

ज्या घरात साधा बटणांचाच फोन आहे तिथे शुक्रवारी मधल्या सुट्टीत स्पीकरवर फोन लावा आणि मुलाला एक परिच्छेद वाचून दाखवू द्या. दोन मिनिटांत होतं. आजी-आजोबांना शाळेत बोलवा, वही हातात द्या. फोनच नाही अशी दोन-तीन घरं निघतील, त्यांच्यासाठी मुलाच्या हातून पान घरी पाठवा. यातलं काहीही कमी दर्जाचं समजू नका आणि मुलांनाही तसं वाटू देऊ नका.

आता तुमच्या वेळेचं. हे काम घरी नेऊ नका. शेवटच्या तासिकेत मुलं चित्र काढत असताना तीन रेकॉर्डिंग होतात. शिवाय हे तुमच्या मूल्यमापनाच्या बाहेरचं काम नाहीच. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या 2010 च्या शासन निर्णयापासून तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची साधनं आहेतच. जूनमधलं वाचन, दिवाळीआधीचं वाचन, मार्चमधलं वाचन, असे तीन आवाज मुलाच्या नावानं ठेवलेत तर वर्णनात्मक नोंद लिहायला आठवावं लागत नाही. "वाचनात प्रगती आहे" असं मोघम लिहिण्याऐवजी "जोडाक्षरावर थांबायचा, आता थांबत नाही" असं लिहाल. संचिकेतलं पान आणि घरी पाठवलेलं पान एकच असू द्या, दोनदा काम करू नका. वर्ष संपल्यावर ते तीन आवाज पालकांना द्या आणि बाकीचं तुमच्या फोनमधून पुसून टाका. फोनच्या गॅलरीतले फोटो गूगल फोटोजवर आपोआप चढत असतील तर तिथूनही काढायला विसरू नका.

मुख्याध्यापकांशी बोलताना ॲप नको असं म्हणत सुरुवात करू नका. त्यांना शाळा मागे पडू नये असं वाटतंय आणि त्यात गैर काही नाही. पंधरा दिवस हे करून बघा, त्या मुलीच्या आईकडून, त्या वडिलांकडून काय उत्तरं आली ती त्यांना ऐकवा आणि मग विचारा, सर, जे ॲप घ्यायचं त्यात आपल्या आज्यांना हे ऐकता येईल का? नसेल येत तर त्या पैशात वर्गाला एक बरा टॅब आणि एक सिम मागा. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, पालक परत आले की एप्रिलमध्ये पालकसभा लावा, त्यांनाच विचारून पुढचं ठरवा आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.